सोनाबाईंना दिसणाऱ्या मुली

भोर-वेल्ह्याकडे पुण्याची माणसं जातात ती बहुतेक किल्ल्यांसाठी, धरणांसाठी, नाहीतर पानशेतला पाण्याकडे तोंड करून भजी खाण्यासाठी. मी का गेले ते सांगितलं की लोक हसतात. मी एका शब्दाला कंटाळून गेले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते, आणि आम्ही काही जण मिळून एक परिभाषाकोश करत होतो. माझ्या वाट्याला ‘पर्सेप्शन’ आला. मी आपलं ‘प्रत्यक्ष’ लिहून मोकळी झाले: इंद्रियाचा वस्तूशी संबंध आला की जे ज्ञान होतं ते प्रत्यक्ष. बैठकीत मानसशास्त्राच्या सरांनी ते खोडलं. ते म्हणाले, डोळ्यांत येतं ते नुसतं संवेदन, त्याला मेंदू अर्थ लावतो तेव्हा अवबोध होतो, आणि वस्तू खरीच समोर असायला हवी असा काही नियम नाही. आमच्यात एक वकील होते. त्यांच्या मते कोर्टात प्रत्यक्षदर्शी म्हणजे जो उलटतपासणीत टिकतो तो, त्यानं काय पाहिलं हा पुढचा प्रश्न. चित्रकलेच्या बाई तर म्हणाल्या की दिसणं हे शिकावं लागतं, न शिकलेल्याला काही दिसतच नाही. चहा दोनदा झाला, आवाज चढले, आणि नोंद माझ्याकडे परत आली. दिवाळीच्या सुट्टीभर मी ती लिहीत आणि फाडत बसले. आधी जे स्वच्छ कळत होतं तेही गढूळ झालं.

अशात नसीमचा फोन आला. नसीम मुजावर माझी कॉलेजच्या होस्टेलमधली मैत्रीण. ती पुढे डोळ्यांची डॉक्टर झाली आणि पुण्यात न राहता आपल्या गावी, भोरला, दवाखाना टाकून बसली. मी तिच्याजवळ माझं रडगाणं गायले. ती म्हणाली, “वसू, माझ्याकडे एक म्हातारी आहे. तुझ्या सगळ्या कमिटीला पुरून उरेल. ये तू. मलाही कुणीतरी सोबत पाहिजेच आहे.”

भोर

नसीमचं घर नदीकडच्या उतारावर आहे. खाली दवाखाना, वर ती आणि तिच्या अम्मी. मी पोचले तेव्हा अम्मी जिन्यात उभ्याच होत्या. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग कसं काय विचारतात, मग चहा घेणार का ते. अम्मींनी यातलं काही विचारलं नाही. पाटावर बसवलं आणि पुढ्यात खजुराची खीर ठेवली. मी मटण खात नाही हे त्यांना वीस-बावीस वर्षांपूर्वी एकदा सांगितलेलं आठवत होतं, म्हणून माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर वांग्याचं भरीत केलेलं होतं. “तुझ्या वांग्याला आमच्या भांड्याचा वासपण लागलेला नाही गं,” त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मला त्या वासाचं काहीच नव्हतं. पण त्यांना ते सांगितलं असतं तर त्यांचा सगळा खटाटोप वाया गेला असता. मी भरीत दोनदा मागून घेतलं.

जेवण झाल्यावर नसीमनं त्या म्हातारीची हकीगत सांगितली.

सोनाबाई वेल्ह्याच्या पुढच्या एका वाडीतल्या. वय सत्तरीच्या पुढे. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलेला, त्यामुळे समोरचं पुसट आणि कडेचं जेमतेम दिसतं. यावर इलाज नाही. मुलगा दत्ता त्यांना चष्म्यासाठी घेऊन आला होता. तो औषध आणायला बाहेर गेला तेव्हा सोनाबाई हळूच नसीमला म्हणाल्या, “बाई, ह्या पोरी तुमच्याच का?” दवाखान्यात त्या वेळी दोघींखेरीज कुणी नव्हतं.

नसीमनं हे पुस्तकात वाचलेलं होतं. डोळ्याकडून येणारं कमी झालं की कधीकधी मेंदू रिकाम्या जागी आपली चित्रं घालतो. माणूस शहाणासुरता असतो, त्याला काहीही झालेलं नसतं. नुसतं दिसतं. तिनं दत्ताला आत बोलावून समजावलं की हा मेंदूचा खेळ आहे, घाबरू नका. दत्तानं मान डोलावली. पण घरी जाताना त्यानं एवढंच नेलं की आईच्या डोक्यात बिघाड आहे.

आणि पुढे भलतंच झालं. दत्ताच्या घरात चार महिन्यांचं बाळ. एका दुपारी सोनाबाई सुनेला सहज बोलून गेल्या की पाळण्याभोवती पोरी बसल्यात. सून, सुरेखा, बाळाला घेऊन माहेरी गेली ती आलीच नाही. वाडीत बोलणं सुरू झालं. दत्ताच्या पाठच्या दोन बहिणी फार लहानपणी गेलेल्या. त्याच आल्यात, भाच्याला न्यायला आल्यात, असं कुणीतरी म्हणालं आणि ते दत्ताला पटलं. येत्या अमावस्येला तो आईला देवऋषाकडे नेणार होता. हा देवऋषी, भूत झाड, म्हणजे धरलेलं माणूस, सोडत नसेल तर मिरच्यांची धुरी देतो, आणि वेताच्या छडीनं मारतोही.

“त्या वयात ती धुरी,” नसीम म्हणाली. “मी एकदा जाऊन सांगून आले, त्यानं ऐकून घेतलं. पण मी डोळ्याची डॉक्टर. त्याच्या मते हे काम माझ्या खात्यातलं नाही.”

“आणि माझ्या खात्यातलं आहे?”

“तू मास्तरीण आहेस. इकडे अजून मास्तरांचं ऐकतात.”

वेल्ह्याच्या वाटेवर

सकाळी भोरहून कापूरहोळला, तिथून नसरापूर, आणि नसरापूरहून वेल्ह्याची एसटी. कार्तिकातली थंडी होती, भातकापणी संपत आली होती. दोन्ही बाजूंना खाचरं रिकामी, मध्येमध्ये पेंढ्याच्या गंज्या, आणि खळ्यांवर भात झोडायचे आवाज. नव्या पेंढ्याचा वास बसमध्ये येत होता. मी खिडकीशी बसून डावीकडचा मोठा डोंगर बघत होते आणि मनातल्या मनात तोरण्याला नमस्कार करून मोकळी झाले. शेजारच्या आजोबांना मी तोरण्याचं काही विचारलं तर ते म्हणाले, तो राजगड. मग मार्गासनी मागे पडल्यावर एक सपाट पाठीचा डोंगर आला. मी गप्प बसले. आजोबांनी आपण होऊन सांगितलं की हा तोरणा, पण वेल्ह्यातून बघाल तर असा दिसणार नाही. खरंच वेल्ह्यात उतरल्यावर तो असा अंगावर आला की मघाचा तोच हे मला मान्य करवेना.

बसमध्ये मी आणि नसीम हळू आवाजात वाद घालत होतो. मी तिला सांगितलं की आमच्याकडे याला भ्रम म्हणतात. अंधारात दोरी पडलेली असते, माणसाला साप वाटतो, तो पळतो. उजेड आला की दोरी दिसते आणि साप जातो.

“पण ही पळत नाही,” नसीम म्हणाली. “तिला दिसतं, आणि तिथं कुणी नाही हेही तिला माहीत आहे. दोन्ही एकाच वेळी.”

मग तो भ्रम नव्हे. भ्रमात माणूस फसतो, ती फसलेली नाही. प्रत्यक्ष तर नव्हेच, समोर वस्तू नाही. आठवण? कल्पना? नसीम म्हणाली की कल्पना आपण करतो, ती करत नाही, तिच्यावर येऊन पडतं. मी वर्गात ज्या खणांमध्ये सगळं ज्ञान वाटून ठेवते त्यातला एकही खण मला सापडेना. एक आशा होती. त्या मुली म्हणजे गेलेल्या लेकी असतील, दुःख दबून राहिलं असेल, तेच आता डोळ्यांपुढे उभं राहत असेल. मग ती स्मृती झाली. निदान एक खण भरला असता.

वाडी

वेल्ह्यातून कानंदीच्या काठानं चालत गेलो. घर कौलारू, पुढे शेणानं सारवलेली ओसरी. सोनाबाई खांबाला टेकून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या, आमच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होत्या. नसीमनं नंतर सांगितलं की त्यांना कडेनंच दिसतं, म्हणून त्या तशा बघतात. पण मला सारखं वाटत होतं की माझ्या शेजारी कुणी उभं आहे.

दत्ता खळ्यावरून आला. तिशीचा, अबोल, नम्र माणूस. सून घरात नसल्यामुळे त्यानंच चूल पेटवली, नाचणीच्या जाड भाकरी थापल्या, पावट्याचं कालवण केलं. आमच्याकडे पुरुषानं पाहुण्यांसमोर असं काही केलं तर त्याचं केवढं कौतुक होतं. इथे तो पाठमोरा बसून करत होता आणि चुलीकडे कुणी बघू नये असं त्याला वाटत होतं. आम्ही बघितलं नाही.

जेवण झाल्यावर मी सोनाबाईंजवळ सरकले आणि विचारलं की काय दिसतं.

त्यांनी आधी दत्ताच्या दिशेला कानोसा घेतला. मग शेंगा बाजूला ठेवून सांगू लागल्या. पाच-सहा पोरी असतात, कधी जास्ती. हिरवे, तांबडे परकर. वीतभर उंचीच्या असतात, कधी माणसाएवढ्या. कधी पोरी नसतातच, नुसती जाळी दिसते, झरोक्याला असते तशी, सगळ्या भिंतीभर. पोरी बोलत नाहीत, हसत नाहीत, सोनाबाईंकडे बघतसुद्धा नाहीत. हात घातला तर हाताला काही लागत नाही.

“तुमचं त्वांड मला दिसंना, बाई,” त्या म्हणाल्या. “दत्त्याचंबी न्हाई. नातवाचं तर कधी दिसलंच न्हाई. पन त्या पोरींच्या परकराचा काठ दिसतोय. त्येच्यावरची यकयेक बुट्टी दिसतीया.”

जे आहे ते पुसट आणि जे नाही ते लख्ख. मी जरा धीर करून माझा खण पुढे केला आणि विचारलं की त्या तुमच्या लेकी आहेत का.

दत्ता चुलीपाशी थांबला होता. सोनाबाईंनी मांडीवरची सालं झटकली.

“समदी म्हनत्यात त्याच हायत. मी किती दिस बगतीया त्येंच्याकडं. माज्या लेकी मी वळकीन की न्हाई? ह्या कुनी दुसऱ्याच हायत. परक्या.” मग त्यांनी पदर तोंडाशी धरला. “त्याच असत्या तर माजी काय तक्रार हुती.”

दत्ता हे पहिल्यांदा ऐकत असावा. तो आईजवळ येऊन बसला. माझ्या खणाचं काय झालं ते सांगायला नको. जी गोष्ट मी बसमध्ये रचली होती आणि जी वाडीनं रचली होती ती एकच होती, फक्त माझी शिकलेली होती. आणि दोन्ही खोट्या होत्या.

मग आम्ही दत्ताला समजवायला लागलो. मी दोन-तीन वाक्यं बोलले आणि ती मलाच पोकळ वाटली. नसीमनं रेडिओचा दाखला दिला. स्टेशन नीट लागेनासं झालं की मध्येच दुसरं स्टेशन घुसतं, तसं डोळ्यांकडून येणारं बंद झालं की मेंदूतलं काहीतरी घुसतं. दत्ताला हे पटल्यासारखं दिसलं. मग तो म्हणाला, “पन बाई, त्ये दुसरं ठेसन कुटंतरी असतंयच की. त्याबिगर लागंल कसं?”

त्याला आम्हाला अडवायचं नव्हतं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं की हे कुठून येतं. नसीमनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिला मेंदूतली जागा सांगता आली असती, पण तिथे हिरवा परकर कुठून आला, आणि काठावर बुट्टीच का, हे तिला सांगता आलं नसतं. मलाही नाही.

तेवढ्यात सोनाबाई म्हणाल्या की त्या आत्ता आल्यात, उंबऱ्यापाशी बसल्यात. दत्ता दचकून उठला. नसीम मात्र पुढे झाली. तिनं सोनाबाईंना सांगितलं, डोळे घट्ट मिटा, उघडा, आता नजर झपकन डावीकडे, उजवीकडे, पुन्हा एकदा. सोनाबाईंनी शाळेतल्या मुलीसारखं सगळं केलं.

“गेल्या,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज घाबरल्यासारखा होता. त्यांनी स्वतःहून कधी हे करून पाहिलं नव्हतं.

नसीमनं दत्ताला सांगितलं की असं करायचं, ओसरीत दिवा लावून ठेवायचा, आणि आई एकटी फार वेळ बसणार नाही असं बघायचं. आपोआप कमी होईल. दत्ता आईकडे बघत होता. मग त्यानं जे म्हटलं त्यानं सगळं निकालात निघालं. “भूत असतं तर डोळं मिटल्याव गेलं नसतं. भूत डोळं मिटल्यावच येतंय.” देवऋषाकडे जायचं रद्द झालं. उद्या भोंगवलीला सासुरवाडीला जाऊन सुरेखाला आणायचं ठरलं, आणि आम्ही दोघींनी बरोबर यावं असं त्यानं हात जोडून म्हटलं.

परतताना नसीम खुशीत होती. मी बांधावरून चालता चालता विचार करत होते की हे बरोबर नाही. डोळे मिटले की त्या मुली जातात म्हणून त्या खऱ्या नाहीत म्हणावं, तर डोळे मिटल्यावर तोरणाही जातो. दत्ता चुकीच्या कारणानं बरोबर ठिकाणी पोचला होता. की आपण सगळे तसेच पोचतो? या विचारात मी बांध सोडून खाचरात पाय टाकला. कापलेलं खाचर वरून कोरडं ठणठणीत दिसत होतं. पाय पोटरीपर्यंत आत गेला आणि चप्पल आतच राहिली. नसीमनं कोपरापर्यंत हात घालून ती काढली. आम्ही दोघी तिथे बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पलीकडच्या खळ्यावरच्या बायका हातातलं काम थांबवून आम्हाला बघत होत्या.

भोंगवली

भोंगवली भोर तालुक्यातच, पण हायवेच्या पलीकडे, आणि वाटतं दुसऱ्या मुलखात आलो. डोंगर लांब गेले होते, जमीन काळी, ज्वारी उभी. सुरेखाच्या आईनं आमचं स्वागत केलं खरं, पण जावयाशी त्या दाराआडून बोलत होत्या. ज्वारीची भाकरी, लसणीचा ठेचा आणि ताक झालं. आदल्या दिवशीच्या नाचणीनंतर ती भाकरी पांढरीशुभ्र दिसली, आणि मला नाचणीचीच जास्त आवडली हे मी बोलून दाखवलं नाही.

सुरेखा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बावीस-तेवीसची, शिडशिडीत, सरळ बघणारी. दत्तानं तिला सगळं सांगितलं: भूत नाही, बहिणी नाहीत, डोळ्यांचा आजार आहे, डोळे मिटले की जातात. नसीमनं दुजोरा दिला. मी मास्तरीण म्हणून मान हलवली.

सुरेखानं शेवटपर्यंत ऐकलं. मग ती नवऱ्याला सोडून नसीमशी बोलली. सासूला ती आत्या म्हणायची.

“भुताला मी भ्यालेच नव्हते, बाई. ते यांचं, वाडीचं. मी रोज खाचरात जाते. बाळ आत्यांपाशी असतंय. त्या दिशी मी दारातनं बघितलं. आत्या बाळाला घिऊन येत हुत्या. मधीच थांबल्या, आन कुनाला तरी वाट द्यावी तशा बाजूला झाल्या. बाजूला पायरी हुती.” तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. “पडल्या न्हाईत. पन त्येंना माजं बाळ दिसतंय का त्या पोरी दिसत्यात, हे मला कसं कळायचं?”

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. नसीमनं डोळे पाहिले होते, मी व्याख्या पाहिली होती, दत्तानं मेलेल्या बहिणी पाहिल्या होत्या. सोनाबाईंच्या हातात बाळ असतं हे त्या घरातल्या एकाच माणसानं पाहिलं होतं, आणि आम्ही सगळे तिला भित्री समजत होतो.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला आलं नाही, आजही येत नाही. दुसऱ्याला काय दिसतं ते कसं कळायचं, यावर मी दर वर्षी चार तास शिकवते. पोरं वहीत उतरवून घेतात. पायरीच्या काठावर बाळ घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीबद्दल त्या चार तासांत एक वाक्य नाही.

नसीमनं डॉक्टरसारखं सांगितलं की बाळ उभ्यानं त्यांच्याकडे देऊ नये, बसल्या जागी मांडीवर द्यावं. सुरेखाच्या आई म्हणाल्या की मग पोरगी कामाला जाणार कशी, आणि सासू जागची उठणारच नाही याची हमी कोण देणार. दत्ता म्हणाला की तो खळ्यावरून मध्येमध्ये येऊन बघेल. सुरेखा ऐकत होती, पण ती कशालाच हो म्हणाली नाही. आम्ही निघालो तेव्हा दत्ता एकटाच आमच्याबरोबर एसटीत बसला. हायवेला, शिवऱ्याला त्याचा कुणी नातेवाईक होता, तिकडे जातो म्हणून तो कापूरहोळला उतरला. खिडकीतून बघितलं तर तो रस्त्याच्या कडेला तसाच उभा होता, कुठेच जात नव्हता.

त्यानंतर मी अम्मींच्या घरी नुसती बसून होते. कोशाचे कागद पिशवीत होते, ते मी काढलेच नाहीत. नसीम खाली दवाखान्यात पेशंट बघायची आणि मला वरून तिचा आवाज यायचा: हे अक्षर वाचा, आता हे, दिसतंय का? आणि प्रत्येक जण काहीतरी उत्तर द्यायचा. मला वाटायचं की ही बाई किती विश्वासानं विचारते. मी आता कुणाला हा प्रश्न विचारू शकेन असं वाटत नव्हतं.

पुन्हा वाडी

मी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी नसीमला वेल्ह्याला जायचं होतं. मीही गेले. सुरेखा आली नसली तर दत्ता पुन्हा देवऋषाचा विचार करील, असं दोघींच्याही मनात होतं. अमावस्या जवळ आली होती.

ओसरीत दोरीवर बाळाचे लंगोट वाळत होते. ते बघून नसीमनं माझा हात दाबला.

सुरेखा आदल्या दिवशीच आली होती, कुणी आणायला न जाता, भावाच्या टेम्पोत बसून. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पायरीला तिनं दत्ताकडून एक आडवा बांबू बांधून घेतला होता. बाकी काही बदललेलं दिसत नव्हतं. सोनाबाई खांबाशी भिंतीला लागून बसल्या होत्या, पाय पुढे पसरलेले. आम्ही बसलो. दत्ता खळ्यावर होता, झोडण्याचा आवाज इथवर येत होता. नसीमनं विचारलं की पोरी येतात का. सोनाबाई म्हणाल्या, येतात, पण डोळं फिरवलं की जातात. मग त्या म्हणाल्या की दर येळी घालवावंसं वाटत न्हाई. सुरेखा आत बाळापाशी होती म्हणून हे त्या हळू बोलल्या.

थोड्या वेळानं सुरेखा बाळाला घेऊन आतल्या दारात आली. उंबऱ्यावर ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती आणि थट्टाही नव्हती. शेतावर जाताना वाटेत पाणी आहे का म्हणून विचारावं तसं तिनं विचारलं.

“आत्या, वाटंत कुनी हाय का?”

सोनाबाईंनी तोंड जरा वळवलं, उंबऱ्याच्या बाजूला कुठेतरी. त्यांनी डोळे मिटले नाहीत, नजरही फिरवली नाही.

“कुनी न्हाई,” त्या म्हणाल्या. “ये तू.”

सुरेखा आली. खाली बसली आणि बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. सोनाबाईंनी दोन्ही हातांनी त्याला चाचपून नीट घेतलं, डोक्यापासून पायांपर्यंत. सुरेखाला वाट द्यायला त्यांनी पाय आखडून घेतले होते. ती बसली, पदर खोचून पुन्हा उठली, खळ्याकडे निघूनही गेली. तिच्यामागून आणखी पाच-सहा जणी येऊन बसतील इतका वेळ सोनाबाईंनी पाय आखडूनच ठेवले होते.